शंभर किलो जळणातले किती कामी आले?

सोलापूरच्या नवी पेठेत टॉवेल घ्यायला आलेले गिऱ्हाईक तो आधी हाताने दाबून बघते. मऊ आहे का, पाणी टिपेल का, पहिल्याच धुण्यात रंग सुटेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नांची बरीचशी उत्तरे माग थांबल्यानंतर ठरतात. मागावरून उतरलेल्या कोऱ्या टॉवेलावर पाणी टाकले तर ते थेंबाथेंबाने वरच राहते, कारण कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या, उकळीच्या जवळ पोचलेल्या पाण्यात टॉवेल शिजवला की तो थर जातो आणि टॉवेल पाणी पिऊ लागतो. पुढे रिॲक्टिव्ह रंग ६० ते ८० अंश सेल्सिअसला बसवायचा, न बसलेला रंग पुन्हा कढत साबणपाण्यात काढून टाकायचा, मग वाळवायचे. गरम पाण्याच्या या प्रत्येक फेरीमागे वाफ असते. वाफेमागे बॉयलर आणि बॉयलरमागे जळणाचे बिल.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला किंवा शहराच्या पूर्व भागातला कुठलाही रंगणीवाला सुताचा भाव पैशापैशाने सांगेल. जळणाच्या ट्रकचा भावही त्याला पाठ असतो. पण आपला बॉयलर शंभर किलो जळणातल्या किती किलोंची खरोखर वाफ करतो, असे विचारले की उत्तर बहुधा बॉयलर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातून येते. ते चूक असते असे नाही. पण ते दुसऱ्या जळणावर, दुसऱ्या भारावर, दुसऱ्या कुणी केलेल्या मोजणीचे असते.

जून २०२३ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली गेली. त्याआधी कित्येक वर्षे सोलापुरात घरोघरी चिमणीची चर्चा होती. चिमणी किती उंच असावी, कुठे असावी यावर अख्खे शहर बोलले. चिमणीतून काय आणि किती बाहेर जाते यावरही एवढेच बोलले जावे, असे मला मनापासून वाटते. बॉयलरचा हिशेब समजून घ्यायचा तर चिमणीपाशी जावेच लागते.

कार्यक्षमतेची व्याख्या सोपी आहे. जळणातून जेवढी उष्णता आत गेली, त्यातली शेकडा किती वाफेत उतरली? हे शोधण्याचे दोन रस्ते आहेत. वाफेत उतरलेली उष्णता सरळ मोजायची आणि जळणाच्या उष्णतेने भागायची, ही प्रत्यक्ष पद्धत. दुसरी उलटी: वाया गेलेली उष्णता एकेका वाटेने मोजायची, तिची बेरीज शंभरातून वजा करायची, जे उरेल ती कार्यक्षमता. ही अप्रत्यक्ष पद्धत. घरखर्चात महिनाअखेर हातात किती उरले हे पाहणे वेगळे आणि किराणा, दूध, औषधे, भाडे यांत किती गेले हे लिहून काढणे वेगळे. इथेही तसेच आहे. भारतीय मानक आयएस ८७५३, ब्रिटिश मानक बीएस ८४५ आणि अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची पीटीसी ४ ही संहिता या सर्वांचा पाया याच दोन कल्पनांवर उभा आहे.

आधी प्रत्यक्ष पद्धत घेऊ. ताशी दोन टनांचा एक बॉयलर समजा. जळण पांढरा कोळसा, म्हणजे शेंगांची टरफले, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. आठ तासांच्या पाळीत २,८०० किलो कांड्या जळल्या आणि १२,८०० किलो वाफ निघाली. वाफेचा दाब गेजवर ७ किलो, बॉयलरमध्ये जाणारे पाणी ६० अंशांचे. स्टीम टेबलमध्ये पाहिले तर या दाबाच्या कोरड्या वाफेत किलोमागे सुमारे ६६१ किलोकॅलरी असतात. त्यातल्या ६० पाण्यानेच आणल्या होत्या. म्हणजे बॉयलरने किलोमागे ६०१ किलोकॅलरी घातल्या. कांड्यांचा उष्मांक प्रयोगशाळेत किलोला ३,८०० किलोकॅलरी आला. आता १२,८०० गुणिले ६०१, भागिले २,८०० गुणिले ३,८००. उत्तर ७२.३ टक्के.

हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. कस लागतो तो त्यातले आकडे मिळवताना. वाफ मोजणारे मीटर लहान कारखान्यात सहसा नसते, म्हणून आत गेलेले पाणी मोजतात आणि तेवढीच वाफ झाली असे धरतात. पाण्याचे मीटर लिटर दाखवते, हिशेबाला लागतात किलो. ६० अंशांचे एक लिटर पाणी ९८३ ग्रॅम भरते. मीटर गरम पाण्याच्या नळीवर असेल आणि लिटर म्हणजेच किलो धरले तर कार्यक्षमता बसल्या जागी सव्वा टक्क्याने वाढलेली दिसते. क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरच्या तळातून जे पाणी सोडून देतात त्याला ब्लोडाऊन म्हणतात. तेही वजा करायला हवे, कारण त्याची वाफ झालेली नसते.

त्याहून नजरेआड राहणारी गोष्ट पाण्याच्या पातळीची. बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. चाचणी सुरू करताना अनुभवी अटेंडंट त्या काचेशेजारी खडूने रेघ मारतो आणि संपताना पाणी नेमके त्याच रेघेवर आणून मगच मीटर वाचतो. रेघ न मारता नजरेने अंदाज घेतला आणि पाच सेंटिमीटरचा फरक राहिला, तर? आतल्या पाण्याचा पृष्ठभाग १.८ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असेल तर तो फरक २७० लिटरचा. अख्ख्या पाळीच्या वाफेच्या जवळपास दोन टक्के. दहा रुपयांच्या खडूने ही चूक टळते. भट्टीचेही तसेच. सुरुवातीला जाळीवर जाळाचा जेवढा थर होता तेवढाच शेवटी असावा. नाहीतर मोजलेल्या जळणातले काही अजून जळायचेच राहिलेले असते. चाचणी अर्ध्या तासात उरकू नये, ती आठ तासांची असावी असा आग्रह धरतात तो यासाठीच: लांब चाचणीत सुरुवातीची आणि शेवटची चूक एकूण हिशेबात पातळ होते.

पाटीवरच्या ‘२ टन’ या आकड्याचा उलगडाही इथे करायला हवा, कारण त्यावरून मालक आणि पुरवठादार यांच्यात नेहमी वाद होतात. तो आकडा १०० अंशांच्या पाण्यापासून १०० अंशांचीच वाफ करण्याचा असतो. त्या कामाला किलोमागे फक्त ५४० किलोकॅलरी लागतात. आपल्याला ६० अंशांच्या पाण्यापासून ७ किलो दाबाची वाफ हवी, तिला ६०१ लागतात. म्हणजे पाटीवर दोन टन असले तरी हातात ताशी जेमतेम १,८०० किलो वाफ येणार. पाणी ३० अंशांचे असेल तर १,७१० च्या आसपासच. बॉयलरमध्ये दोष काहीच नसतो. मोजण्याचा पाया वेगळा असतो. खरेदीच्या वेळीच आपल्या दाबाला आणि आपल्या पाण्याच्या तापमानाला किती वाफ मिळेल, हे कागदावर लिहून घ्यावे.

प्रत्यक्ष पद्धतीतली सगळ्यात मोठी फसगत ओल्या वाफेची. बॉयलरवर एकदम ताण आला, आतले पाणी फेसाळले, की वाफेबरोबर पाण्याचे तुषार बाहेर पडतात. मीटरच्या दृष्टीने तेही ‘वाफ’च. पण तुषारांनी बाष्पीभवनाची उष्णता घेतलेलीच नसते. वाफेत पाच टक्के पाणी असले तर किलोमागे जवळपास २५ किलोकॅलरी कमी, आणि वर काढलेले ७२.३ टक्के प्रत्यक्षात ६९.४ भरतात. नुकसान दुहेरी आहे: ज्या बॉयलरची वाफ खराब, त्याचाच आकडा चांगला दिसतो, आणि तीच ओली वाफ रंगणीच्या यंत्रात उष्णता कमी देते.

बॉयलरच्या मोजणीचा इतिहास जुना आहे. अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने वाफेच्या बॉयलरच्या चाचण्या कशा घ्याव्यात याची पहिली संहिता १८८४ मध्ये तयार केली. तोवर सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू होऊन काही वर्षे झाली होती. तेव्हा वाफ नुसती गरम करायला नव्हती, सारी गिरणी तिच्यावर फिरायची. कापड गिरण्यांत तेव्हा लँकेशायर बॉयलर ठरलेला असे: विल्यम फेअरबेर्नने १८४४ मध्ये पुढे आणलेला, आडवा लांबलचक नळकांड्याचा, पोटात दोन भट्ट्या असलेला. तो अवजड आणि सुस्त होता, पण पोटात भरपूर पाणी असल्यामुळे अचानक आलेली मागणी शांतपणे झेलायचा. आजचे आटोपशीर बॉयलर जास्त कार्यक्षम आहेत, पण ओल्या वाफेची तक्रार त्यांच्याकडून अधिक येते, ती या पाणीसाठ्याच्या फरकामुळे.

प्रत्यक्ष पद्धतीने आकडा मिळतो, पण उरलेले २७.७ टक्के कुठे गेले हे ती सांगत नाही. त्यासाठी अप्रत्यक्ष पद्धत.

इथे जळणाचे वजन करावे लागत नाही, पाण्याचे मीटर लागत नाही. लागतात ते चिमणीकडे जाणाऱ्या वायूंचे तापमान, त्यांतला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड, बाहेरच्या हवेचे तापमान, जळणाचे पृथक्करण आणि राखेतला न जळलेला कोळसा. पूर्वी वायू तपासायला ओर्साटचे उपकरण वापरत. लाकडी पेटीत काचेची मापननळी आणि तीन कुप्या. मोजून घेतलेला वायू आधी पोटॅशच्या द्रावणातून न्यायचा, ते कार्बन डायऑक्साइड शोषते. मग पायरोगॅलॉलमधून, ते ऑक्सिजन घेते. शेवटी क्युप्रस क्लोराइडमधून, ते कार्बन मोनॉक्साइड घेते. दर वेळी वायू किती आकसला हे नळीवर वाचायचे. कुप्यांचा क्रम चुकला तर सगळे चुकले, कारण पायरोगॅलॉलचे द्रावण कार्बन डायऑक्साइडही गिळते. आता हातात मावणारा विश्लेषक दांडी आत घालताच आकडे दाखवतो आणि बहुतेक वेळा ‘कार्यक्षमता’ही. पण त्या आकड्यामागे सहसा झिगर्टचे छोटे सूत्र असते. ते चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेपुरतेच बोलते. राखेतला कोळसा आणि बॉयलरच्या पत्र्यातून सुटणारी उष्णता त्याच्या हिशेबात नसते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा वहीत उतरवताना तो कशाचा आहे हे शेजारी लिहिलेले बरे.

आपल्याच बॉयलरवर हा हिशेब करू. कांड्यांत कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ५, ऑक्सिजन ३३, ओलावा १०, राख ११ धरू. एक किलो कांडी पुरती जळायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने ४.९४ किलो हवा पुरे. चिमणीच्या वायूत १० टक्के ऑक्सिजन सापडला. जादा हवा किती, याची रीत अशी: ऑक्सिजनचा आकडा २१ मधून वजा करायचा आणि आलेल्या उत्तराने ऑक्सिजनच्याच आकड्याला भागायचे. १० भागिले ११, म्हणजे ९१ टक्के. गरजेच्या जवळजवळ दुप्पट हवा भट्टीत शिरते आहे. किलोमागे साडेनऊ किलो. ही सगळी हवा ३५ अंशांना आत येते आणि २२० अंशांना बाहेर जाते, जाता जाता उष्णता घेऊन. कोरड्या वायूंचे वजन किलोमागे ९.८ किलो, त्यांची विशिष्ट उष्णता ०.२४, तापमानातला फरक १८५. गुणाकार ४३५ किलोकॅलरी. ३,८०० पैकी ४३५, म्हणजे ११.५ टक्के एकट्या या वाटेने गेले.

बाकीच्या वाटा लहान आहेत. जळणातल्या हायड्रोजनचे पाणी होते, त्याची वाफ होऊन ते चिमणीतून निघून जाते: ७.९ टक्के. जळणातल्या मूळच्या ओलाव्याचे १.८. हवेतल्या दमटपणाचे ०.३. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झालेल्या कार्बनचे अर्धा टक्का. राखेत राहिलेल्या कोळशाचे २, आणि बॉयलरच्या अंगातून आसपासच्या हवेत गेलेल्या उष्णतेचे २.५ टक्के. बेरीज २६.५. कार्यक्षमता ७३.५ टक्के. प्रत्यक्ष पद्धतीने ७२.३ आली होती. इतका फरक चालतो. शिवाय ब्लोडाऊनच्या गरम पाण्याबरोबर गेलेली उष्णता या यादीत नाही, ती धरली की अंतर आणखी कमी होते. दोन पद्धतींत पाच-सहा टक्क्यांचे अंतर पडले तर मात्र कुठलेतरी मीटर खोटे बोलते आहे किंवा वाफ ओली आहे, असे समजून शोध घ्यावा.

चुकीला दोन्ही पद्धती सारख्या नाहीत. प्रत्यक्ष पद्धतीत जळणाच्या वजनकाट्याची पाच टक्क्यांची चूक थेट कार्यक्षमतेत उतरते: ७२ च्या जागी ६८ किंवा ७६. अप्रत्यक्ष पद्धतीत आपण फक्त तोटा मोजतो. २६.५ च्या तोट्यात पाच टक्क्यांची चूक झाली तरी उत्तर १.३ ने हलते. बॉयलर जितका चांगला, तोटा जितका कमी, तितकी ही पद्धत अधिक बिनचूक. मोठ्या वीज केंद्रांत हिला पसंती मिळते त्याचे हे एक मोठे कारण. पण रंगणीवाल्याने हिच्याकडे वळावे ते वेगळ्याच कारणासाठी. ही पद्धत कुठे हात घालायचा ते दाखवते.

साडेअकरा टक्क्यांच्या वाटेकडे पुन्हा पाहा. चिमणीतून काळा धूर निघाला की शेजारी तक्रार करतात, म्हणून अटेंडंट पंख्याचा डँपर पूर्ण उघडून ठेवतो. धूर जातो, चिमणी स्वच्छ दिसते आणि सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात काळ्या धुरातून जाणाऱ्या कार्बनपेक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या गरम हवेतून जाणारी उष्णता कितीतरी जास्त असू शकते. ऑक्सिजन १० वरून ६ टक्क्यांवर आणला तर जादा हवा ४० टक्के राहते आणि हा तोटा ११.५ वरून ८.५ वर येतो. कार्यक्षमता ७६.५. ताशी ३५० किलोंमागे जवळपास १४ किलो कांड्या वाचल्या. दिवसाला दोन पाळ्या आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ६५ टनांच्या घरात. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. डँपर, भट्टीचे दार नीट बंद होणे आणि एकदम पाटीभर जळण न टाकता थोडेथोडे टाकणे, एवढ्यावर हे काम होते. कार्बन मोनॉक्साइड वर चढू लागला की हवा फार कमी केली असे समजून थोडे मागे यायचे. दांडी मात्र बॉयलरच्या लगेच पुढे घालावी. पुढच्या फटींतून बाहेरची हवा मिसळली की ऑक्सिजन खोटा वाढलेला आणि तापमान खोटे उतरलेले दिसते.

हायड्रोजनचा तोटा डँपरने कमी होत नाही. तो जळणाच्या जातीतच असतो. आणि नेमक्या याच तोट्यामुळे एकाच बॉयलरच्या दोन कार्यक्षमता छापल्या जातात. चिमणीतून गेलेल्या वाफेतली उष्णता जळणाच्या उष्मांकात धरली तर तो ढोबळ उष्मांक, कारखान्यांच्या भाषेत जीसीव्ही. ती आधीच वगळली तर निव्वळ, म्हणजे एनसीव्ही. भारतात ढोबळ धरायची रीत आहे, युरोपात निव्वळ. उसाच्या बगॅसचे उदाहरण बोलके आहे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. इथले कारखाने गाळपानंतरचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळूनच वाफ आणि वीज करतात. गिरणीतून आलेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. त्याच्या किलोतून मूळचा ओलावा आणि हायड्रोजनचे पाणी मिळून जवळपास ०.८ किलो वाफ चिमणीतून जाते. ढोबळ उष्मांक किलोला २,२७० किलोकॅलरी धरला तर त्यातला पाचव्या हिश्श्याहून जास्त उष्मांक या एका वाटेने गेला. म्हणून बगॅसचा चांगला बॉयलरही ढोबळ हिशेबात सत्तरीच्या आसपास राहतो. तोच बॉयलर निव्वळ उष्मांकावर मोजला तर ८८ टक्के दिसतो. यंत्र तेच, जाळ तोच, फक्त भाजक बदलला. दोन निविदांची तुलना करताना एकाने ढोबळ आणि दुसऱ्याने निव्वळ धरला असेल, तर जास्त आकड्याच्या मागे जाऊन महागडा निर्णय होतो.

लाकूड जाळणाऱ्यांनी हा ओलाव्याचा हिशेब तर भिंतीवर लिहून ठेवावा. सोलापूरकडे बाभळीचे लाकूड भरपूर जळते आणि ते वजनावर घेतात. कोरड्या लाकडाचा उष्मांक ४,५०० धरू. ओलावा १५ टक्के असेल तर किलोत ३,८२५ किलोकॅलरी, आणि पाण्याची वाफ करण्यात गेलेल्या वगळल्या की ३,४०० च्या वर उरतात. पावसाळ्यातले ओले लाकूड, ओलावा ४० टक्के: किलोत २,७००, आणि वगळून उरतात सुमारे २,२००. म्हणजे दोन टन वाळलेल्या लाकडाचे काम करायला ओले तीन टन लागते. भाव टनाचा असल्यामुळे पैसे पाण्यालाही मोजले जातात. मेमध्ये घेऊन पत्र्याखाली रचून ठेवलेले लाकूड जुलैत घेतलेल्यापेक्षा महाग वाटले तरी स्वस्त पडते.

सोलापूरच्या हवेचाही या आकड्यावर परिणाम होतो. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर असताना भट्टीत शिरणारी हवा आधीच तापलेली असते. चिमणीचे तापमान २२० कायम धरले तर कोरड्या वायूंचा तोटा ११ टक्के येतो. डिसेंबरात पहाटे १५ अंशांना तोच तोटा १२.७ होतो. त्यामुळे उन्हाळ्यात केलेल्या चाचणीची हिवाळ्यातल्या चाचणीशी तुलना करताना हा पावणेदोन टक्क्यांचा फरक आधी बाजूला काढावा लागतो. दुरुस्तीपूर्वीची चाचणी डिसेंबरात आणि नंतरची मेमध्ये घेतली तर दुरुस्तीचे श्रेय उन्हाला मिळायला हवे.

सोलापूरजवळच फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच, सुपरक्रिटिकल बॉयलरचे. तिथल्यासारख्या कोळशाच्या मोठ्या बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि तरीही पूर्ण केंद्राची ३८ च्या जवळपास. यावरून मोठा बॉयलर वाईट असा अर्थ काढू नये. बॉयलर वाफेपर्यंतचा हिशेब देतो. वाफेपासून वीज करताना टर्बाइनमागच्या कंडेन्सरमध्ये उष्णतेचा मोठा वाटा सोडून द्यावाच लागतो. रंगणीवाल्याला वाफेची उष्णताच हवी असते, म्हणून त्याच्याकडे हा दुसरा मोठा तोटा नसतो.

मग कायदा काय म्हणतो? १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, त्यानंतर बंगालमध्ये १८६४ चा कायदा झाला. पुढे देशभरासाठी १९२३ चा बॉयलर कायदा आणि आता त्याच्या जागी २०२५ चा. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय दरवर्षी तपासणी करते. या कायद्याचा जन्म माणसे वाचवण्यासाठी झाला, आणि तेच त्याचे पहिले काम. प्रमाणपत्र मिळालेला बॉयलर सुरक्षित असतो. तो जळण वाचवतो असे त्यातून ठरत नाही. ते काम मालकाचे आणि अटेंडंटचे. ऊर्जा दक्षता ब्युरोने लघुउद्योगांसाठी निवडलेल्या समूहांत सोलापूरचा वस्त्रोद्योगही होता, तो या मधल्या रिकाम्या जागेसाठीच.

चाचणीचा आकडा आणि वर्षाचा आकडा यांतही अंतर असते. रंगणी हे घाण्याघाण्याने चालणारे काम. एक यंत्र भरले की वाफेची एकदम ओढ, मग तासभर थंडावा. पत्र्यातून सुटणारी उष्णता ताशी ३३ हजार किलोकॅलरी होती, ती भार निम्मा झाला तरी तेवढीच राहते. म्हणून अडीच टक्क्यांचा तोटा पाच टक्के होतो. यंत्रे एकदम न भरता अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने भरली तर भार सपाट राहतो आणि वाफही कोरडी राहते. यंत्रांत वाफ निवून झालेले गरम पाणी गटारात सोडण्याची चैन तर सोलापूरसारख्या, काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात कुणालाच परवडणारी नाही. ते परत आणून बॉयलरचे पाणी ३० ऐवजी ६० अंशांना नेले की जळण जवळजवळ पाच टक्क्यांनी घटते, आणि पाणीही वाचते.

रोज करण्यासारखे काम थोडे आहे. पाळीचे जळण, पाळीचे पाणी, चिमणीचे तापमान, शक्य असेल तर ऑक्सिजन. पाण्याला जळणाने भागले की एका किलोवर किती वाफ झाली ते कळते. आपल्या उदाहरणात ४.५७. जळण तेच असेल तर उष्मांक माहीत नसतानाही हा आकडा पुरेसे बोलतो: ४.६ चा ४.२ झाला की कुठेतरी नऊ टक्के गेले. चिमणीचे तापमान तर रोगाचेही नाव सांगते. सोलापूरच्या बोअरच्या जड पाण्याने, सॉफ्टनर वेळेवर धुतला नाही तर, नळ्यांवर पाण्याच्या बाजूने क्षाराचा पापुद्रा धरतो. त्यातून उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती चिमणीतून जाते. भार तोच, ऑक्सिजन तोच, आणि तीन महिन्यांत तापमान २२० चे २५० झाले तर आपल्या हिशेबाने कार्यक्षमता दोन टक्क्यांनी उतरली. नळ्यांना वायूच्या बाजूने ब्रश मारून काजळी काढली आणि तापमान खाली आले, तर दोष काजळीचा होता. आले नाही, तर पुढची सुट्टी बघून बॉयलर उघडायचा आणि आतले क्षार काढायचे.